'उर्वरित' खानदेश

युरोपीय संघाचे गोडवे गाणारे दोन गोष्टी सहसा विसरतात. बाजार एक केल्याने दुबळे प्रांत आपोआप सावरत नाहीत, हे ओळखून तेथे १९७५ मध्ये मागास प्रदेशांसाठी प्रादेशिक विकास निधी उभारण्यात आला. आणि जेमतेम पाच लाख वस्तीच्या माल्टाची भाषाही २००४ पासून संघाची अधिकृत भाषा आहे.

या मापाने १ मे १९६० चे आपले एकीकरण तपासावे, असे आमचे मत आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला आश्वासने मिळाली. १९९४ मध्ये विकास मंडळे आली, तेव्हा धुळे-जळगाव 'उर्वरित महाराष्ट्र' या नावाखाली पुण्या-मुंबईच्या पंगतीला बसवले गेले. २०२० मध्ये मंडळांची मुदत संपेपर्यंत तीच व्यवस्था राहिली. मुंबईची श्रीमंती धरून काढलेल्या सरासरीत साक्री-शिरपूरचा अनुशेष दिसणार कसा?

भाषेचेही तेच. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा 'खानदेशी' नोंदली आहे. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले; वर्गात मात्र अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे वाक्य आजही 'अशुद्ध' म्हणून खोडले जाते.

वेगळे मोजा म्हटले की राज्य फुटेल, अशी भीती घातली जाते. फुटीची बीजे उपेक्षेत असतात, मोजणीत नव्हे. खानदेशचा अनुशेष स्वतंत्र मोजावा आणि अहिराणी अभ्यासक्रमात यावी, ही आमची मागणी एकीकरणाच्या बाजूचीच आहे.