बारावी खेळाडू

अमेरिकेहून परत आल्यावर सगळे एकच विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी म्हणते, चिखल पाहिला. लोकांना वाटतं, म्हातारी चेष्टा करतेय. पण खरंच, २०२४ मध्ये मुलाकडे सहा महिने होते, त्यातले बरेचसे शनिवार-रविवार मी उत्तर कॅलिफोर्नियातल्या कुठल्या ना कुठल्या टेकडीच्या पायथ्याशी, घडीच्या खुर्चीत, शाल गुंडाळून, चिखलाने माखलेल्या पोरापोरींची वाट पाहत काढले. कारण आमची नात. ती तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या माउंटन बाइक संघात होती.

आधी मला वाटलं, सायकलची शर्यत ती काय, जो तो आपापला दामटणार. त्यात संघ कुठून आला? सायकलवर एकच जण बसतो. (डबलसीट सोडून. तो आमच्या शाळेत गुन्हा होता.)

तर शर्यत अशी. पाच-सहा मैलांचा एक फेरा. चढ, उतार, दगड, मुळं, कुठे एकच चाक मावेल अशी पायवाट. नववीच्या मुली वेगळ्या, नववीचे मुलगे वेगळे, मग दहावीचे, मग वरचे दोन गट. लहानांना फेरे कमी, मोठ्यांना जास्त. नातीला दोन फेरे होते. प्रत्येक गटात नंबराप्रमाणे गुण मिळतात आणि शाळेच्या मुलांचे गुण एकत्र करून शाळेचा क्रमांक ठरतो. इथवर आपल्या आंतरशालेय स्पर्धांसारखंच. पण दोन गोष्टी निराळ्या. एक म्हणजे निवड नाही. सायकल धरून आलेला प्रत्येक जण संघात, आणि संघातला प्रत्येक जण शर्यतीत. बाहेर बसायला बाकच नाही. दुसरी गोष्ट गुणांच्या हिशोबाची. नातीची शाळा छोट्या शाळांच्या गटात. तिथे संघाचे सर्वांत चांगले चार आकडे धरतात, पण त्यात मुलगे जास्तीत जास्त तीन. चौथा आकडा मुलीचाच हवा. मोठ्या शाळांचे आठ आकडे धरतात आणि त्यात एका बाजूचे सहाच चालतात.

हे सगळं सुरू केलं एका शिक्षकाने, हे कळल्यावर मी खुर्ची जरा पुढे सरकवली! बर्कले हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांनी १९९८ मध्ये आपल्या शाळेत असा संघ काढला. २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांची लीग झाली आणि २००९ मध्ये देशभराची संस्था. तसा हा खेळही त्याच मुलखातला. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तिथली काही तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची आणि १९७६ पासून त्यांनी त्याच्या शर्यती लावल्या. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्री माउंटन बाइक आली. वीस वर्षांत उनाडक्यांचा ऑलिम्पिक खेळ झाला. असो.

मार्चमधली एक शर्यत. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. संघाच्या तंबूत केळी, पास्ता, आणि त्याच्या शेजारी आमच्या सूनबाईंचे पोहे. संघात मुलगे पुष्कळ, मुली दोनच. त्यातली दुसरी मुलगी तापाने आजारी. म्हणजे चौथा आकडा आमच्या नातीचा. आणि आमची नात काही वेगवान नाही, हे आजी असूनही सांगते. त्या दिवशी पहिल्याच चढावर तिची चेन उतरली. ती चढवेपर्यंत सगळ्या पुढे गेल्या. दुसऱ्या फेऱ्यात ती उतरून, सायकल ढकलत चढ चढताना मला लांबून दिसली. तिच्या मागे ठराविक अंतर ठेवून फक्त तो शेवटचा सायकलवाला, सगळे आले ना हे बघत येणारा. ती शेवटून दुसरी आली की तिसरी यावर बापलेकीत अजून वाद आहे. पण रेषेशी तिच्या संघातली झाडून सगळी मुलं उभी, आणि ओरडा असा की जणू पहिलीच आली.

गाडीत ती गप्प होती. मी म्हटलं, "अगं, तुझ्यामुळे चार आकडे झाले." तर म्हणाली, "तेच ना आजी. त्यांना एक मुलगी हवी असते. मी नसते तर दुसरी कोणीही चालली असती."

पुढचे दोन तास मी खिडकीबाहेर बघत होते. मला तिला उत्तर देता आलं नाही. मला दुसरीच मुलगी आठवत होती.

१९८३-८४ ची गोष्ट. मी मराठी शिकवत होते, पण मुलींच्या खो-खो संघाबरोबर बाईच हवी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला खेळातलं काही कळत नव्हतं. मी स्वतः सायकल शिकले ती एकतिसाव्या वर्षी, शाळेच्या मैदानावर, शिपाईमामांनी कॅरिअर धरून. खो-खोचा संघ बारा जणींचा. नऊ मैदानात, तीन बाहेर. फॉर्मवर बारा नावं लागतात. आमच्याकडे अकरा बऱ्या होत्या, बारावं नाव मी एका वाडीवरच्या मुलीचं घातलं. रोज सरावाला यायची, सर्वांत आधी यायची. मैदानाला पाणी मारायची, खांबाला चुना लावायची. पळायला मात्र मंद. तीन वर्षं तिला आम्ही तालुक्याला नेली. पहाटेची एसटी, डब्यात भाकरी-पिठलं, दोन सामने, परत. तीन वर्षांत ती एकदाही चौकात बसली नाही. सामने अगदी हातात असताना, उरलेली पाळी नुसती पूर्ण करायची असतानाही मी तिला उतरवली नाही. का? कुणी विचारलं नाही म्हणून. तिने तर नाहीच. बाईंना विचारायची पद्धत नव्हती.

२००९ साली एका लग्नात ती भेटली. अंगावर चांगलं लुगडं, बरोबर नवरा, दोन मुलं. वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याला सांगितलं, "ह्या आमच्या बाई. मी ह्यांच्या खो-खोच्या संघात होते." अगदी अभिमानाने. प्रमाणपत्र अजून ठेवलंय म्हणाली. मला जिलबी गिळेना. ती संघात नव्हती हो. ती फॉर्मवर होती. आणि ते मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं, की माहीत असून ती बाईंचा मान राखत होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि आमच्या भाच्याला ते पटत नाही हेही सांगून टाकते. शाळेच्या खेळात निवड हा प्रकार कमीत कमी असावा, आणि मागच्या मुलाचाही आकडा कुठेतरी हिशोबात येईल असे नियम मुद्दाम करावेत. नुसतं "सगळ्यांनी भाग घ्या" म्हणून भागत नाही. ते आपणही म्हणतो, स्नेहसंमेलनात झाडं आणि ढग करतो त्या पोरांना. ती पोरं मूर्ख नसतात. चौथा आकडा मुलीचाच, या नियमाने काय झालं ते मी तंबूत बसून पाहिलं. संघातले तगडे बारावीचे मुलगे नातीला चढावर गिअर कधी बदलायचा ते शिकवत होते. प्रेमाने नव्हे हो, गरजेने. त्यांना तिचे गुण हवे होते. नातीला तीच गरज टोचली, हे खरं. पण वाडीवरच्या त्या मुलीची आम्हाला फॉर्मपुरतीच गरज होती, म्हणून तिला कुणी काही शिकवलंच नाही. मीसुद्धा नाही. दोन्हीकडे जागा भरायचीच होती, मग एवढा फरक कशाने पडला? माझ्या मते नियमाने. माणसं इकडची-तिकडची सारखीच.

भाचा म्हणतो, "मावशी, असं सगळ्यांना कुरवाळत बसलं तर चॅम्पियन कुठून येणार?" त्याच्यासाठी घरी येऊन थोडा अभ्यास केला. केट कोर्टनी नावाची मुलगी मरीनमधलीच, याच लीगमध्ये शाळेच्या संघातून खेळलेली. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडला लेन्झरहाइडे इथे ती क्रॉस कंट्रीत जगज्जेती झाली. अमेरिकेला ते पद सतरा वर्षांनी मिळालं. गंमत अशी की त्याच वर्षी मार्चमध्ये तिने दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही आठ दिवसांची शर्यत जिंकली होती, ती डेन्मार्कच्या आनिका लँगवाडबरोबर जोडीने. त्या शर्यतीत संघ दोघांचाच आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड. पुढच्याने थांबायचं, मागच्याने रेटायचं, आठही दिवस. आणि सप्टेंबरमध्ये लेन्झरहाइडेला तिने मागे टाकली ती कोणाला? त्याच लँगवाडला. तेव्हा चॅम्पियन येतात रे बाबा. बाकीच्यांना बाहेर बसवल्यानेच येतात असं काही नाही.

आता एक खटकलेली गोष्ट सांगितली नाही तर लेख खोटा होईल. बाक नाही म्हणतात, पण फाटकाशी पैसा उभा आहेच. नातीच्या सायकलची किंमत रुपयात करून पाहिली आणि मुलाला म्हटलं, एवढ्यात माझी पहिली काही वर्षं पगार झाला असता. तिथे काही संघ सायकली उसन्या देतात, शुल्कात सवलत असते, हेही पाहिलं. तरी पहाटे गाडी काढून दोन-अडीच तास नेणारा बाप लागतो, वाट पाहणारी आई लागते. आमच्या खो-खोला दोन खांब आणि चुना पुरत होता. वाडीवरच्या मुलीला आत यायला काही खर्च नव्हता. आत आल्यावर मी तिला बसवून ठेवलं, एवढंच.

नात आता दहावीत गेली. २०२५ च्या मोसमात मध्ये एकदा फोनवर बोलणं झालं. म्हणाली, "आजी, यंदा आम्ही पाच मुली आहोत."

"वा! मग चौथा आकडा तुझाच लागतो का?"

"नाही गं. एक नवीन आलीय, ती खूप फास्ट आहे. तिचाच लागतो नेहमी."

"मग तू?"

"मग काय? रविवारी रेस आहे," ती म्हणाली आणि मला पोह्यांत मोहरी आधी की हिंग आधी ते विचारायला लागली. आई बाहेरगावी होती आणि तंबूत पोहे न्यायचे होते.