अथांग सागराची नोंदवही

घरातील भांडवल बुडाले की त्याचा पहिला घाव बहुधा मुलांच्या शिक्षणावर बसतो. आल्फ्रेड विल्यम आल्कॉक यांच्या बाबतीत असेच घडले. त्यांचा जन्म १८५९ सालचा, मुंबईतला. वडील जहाजाचे कप्तान होते. पुढे वडिलांना आर्थिक फटका बसला, इंग्लंडमधील शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी आल्फ्रेड वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत आले. कॉफीचा धंदा बसला तेव्हा त्यांनी कलकत्त्यात एका कमिशन एजंटाच्या कचेरीत नोकरी धरली. त्यानंतर पुरुलिया येथे आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरतीचे काम केले.

पुरुलियातच एका परिचिताकडून मायकेल फॉस्टर यांचे शरीरक्रियाशास्त्रावरील छोटेसे पुस्तक त्यांच्या हाती पडले, आणि सुटलेला अभ्यास पुन्हा सुरू झाला. दार्जिलिंगच्या शाळेत काही काळ शिक्षकी केल्यावर १८८१ साली त्यांनी अ‍ॅबर्डीन विद्यापीठात प्रवेश घेतला. १८८५ मध्ये ते वैद्यकीय अधिकारी म्हणून सरकारी सेवेत रुजू झाले.

१८८८ साली त्यांची नेमणूक ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर झाली. बाजूच्या चाकांवर चालणारी ही लाकडी आगबोट मुंबईच्या गोदीतच बांधलेली होती. किनाऱ्यांची आणि समुद्रतळाची मोजणी करून व्यापारी जहाजांना निर्धोक नकाशे पुरविणे, हे तिचे मुख्य काम. त्यातून सवड मिळेल तेव्हाच खोल समुद्रात जाळे सोडले जाई.

हजार फॅदम म्हणजे सुमारे अठराशे मीटर खोली. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आणि पाण्याचा दाब दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका वाढत जातो. कित्येक मासे स्वतःच्या शरीरातूनच प्रकाश निर्माण करतात. जाळ्याबरोबर वर येताना दाब उतरतो, त्यामुळे अनेकांची शरीरे फुगून विद्रूप होतात. म्हणून जे दिसले ते तत्काळ टिपून ठेवणे अगत्याचे असे. कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर, कशा तळावर हा मासा सापडला, याची नोंद नसेल तर बरणीतल्या नमुन्याचे मोल फारच थोडे उरते.

आल्कॉक यांनी ही शिस्त कसोशीने पाळली. वुड-मेसन यांच्यासह त्यांनी पाकट माशाच्या एका जातीविषयी लिहिले. या जातीत मादीच्या गर्भाशयातील सूक्ष्म उंचवटे दुधासारखा द्रव स्रवतात आणि पोटातील पिलांचे त्यावर पोषण होते. ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या संग्रहाचे चित्रसंच प्रसिद्ध झाले, त्यांतील रेखीव चित्रे चौधरी आणि मंडल या बंगाली चित्रकारांच्या हातची. आज जहाज नाही, माणसेही नाहीत. त्या रेषा मात्र अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

१८९३ साली आल्कॉक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक झाले. भारतीय समुद्रांतील खोल पाण्याच्या माशांचा त्यांचा वर्णनात्मक सूचिग्रंथ १८९९ मध्ये निघाला, आणि जहाजावरील चार वर्षांचे अनुभव १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आले. १९०६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. जो संग्रह त्यांनी लावून ठेवला होता, तो १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पायाभरणीत कामी आला.

पद सुटले तेव्हा त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. तरीही लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत त्यांनी नवा विषय हाती घेतला. रोग पसरविणाऱ्या डास-माश्यांची ओळख ते उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या डॉक्टरांना करून देऊ लागले. १९११ साली त्यांनी या डॉक्टरांसाठी पुस्तकही लिहिले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पैशाच्या अडचणीने शाळा सुटलेल्या मुलाची ही वाटचाल आहे. ज्या घरावर आज तशी वेळ आली असेल, त्याने मुलाच्या पुस्तकांचे कपाट सर्वांत शेवटी रिकामे करावे. गेलेले भांडवल पुन्हा उभे राहू शकते. शिकण्याची ओढ एकदा विझली, तर ती पुन्हा पेटविणारे पुस्तक प्रत्येकाच्या हाती पडतेच असे नाही.