छत्रीच्या काडीतून ट्रॅम

मुंबईची शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. तिची प्रतिकृती करताना सुटे भाग विकत आणू नयेत, असं माझं ठाम मत आहे. छपरावरचा, विजेच्या तारेला टेकणारा दांडा मी मोडक्या छत्रीच्या काडीचा करतो. समोरचा दिवा टिचबटणाचा, कठडा जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारेचा. १९२० साली आलेल्या दुमजली ट्रॅमचा जिना मात्र दमवतो. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून पायरी कापण्याआधी जुना फोटो भिंगाखाली धरावा लागतो. वळण कुठे, कठडा किती उंच, हे तेव्हाच नजरेत भरतं. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला हेच काम द्यावं. या ट्रॅम चालवणाऱ्या बेस्टचं संग्रहालय मुंबईत आणिक आगारात आहे. मुलांना आधी तिथे न्यावं, वही-पेन्सिल घेऊन.