सदऱ्याचे माप

पुरुषांच्या शर्टाची बटणे घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात आणि बायकांच्या शर्टाची डाव्या बाजूला. हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असेल, मला शंका आहे. आपण सकाळी हाताला येईल तो शर्ट अंगात घालतो, बोटे आपसूक बटणे लावतात आणि आपण पोह्यांच्या बशीकडे वळतो. पण काही तरुणांना हे बटणांचे शास्त्र तोंडपाठ असते, कारण चुकीच्या बाजूचे एक बटण त्यांचा दिवस नासवू शकते.

ज्यांच्या जन्मदाखल्यावर ‘मुलगी’ असे लिहिले गेले, पण ज्यांनी स्वतःला मुलगाच मानले, अशांविषयी मी लिहितो आहे. इंग्रजीतला ‘ट्रान्स मॅन’ हा शब्द आता आपल्याकडेही ऐकू येतो. मराठीत ‘परलिंगी पुरुष’ म्हणतात. ‘तृतीयपंथी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिग्नलवर टाळी वाजवणारी, साडी नेसलेली आकृती येते. हे तरुण त्या चित्रात कुठेच बसत नाहीत. ते आपल्याला दिसतच नाहीत, कारण न दिसणे हाच त्यांच्या कपड्यांचा हेतू असतो. गर्दीत चारचौघांसारखा एक पुरुष म्हणून खपून जावे, कुणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये, एवढेच त्यांना हवे असते. सगळ्यांनाच ते हवे असते असे नाही, पण ज्यांना हवे असते त्यांच्यासाठी ती हौस नसते. लोकलच्या डब्यात किंवा सार्वजनिक मुतारीत ओळखले जाणे म्हणजे काय, हे मी वाचकांना वेगळे सांगायला नको.

‘हे तर सोंग झाले,’ असे माझ्या पिढीतले अनेकजण म्हणतात. सोंगाचे आपल्याला वावडे आहे, असे मात्र आपला इतिहास सांगत नाही. बालगंधर्वांच्या पातळाची, दागिन्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्रियांच्याही नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिका बायकाच करीत. पण हा दाखला इथे पुरता लागू पडत नाही. नट प्रयोग संपल्यावर रंग पुसतो आणि आपल्या कपड्यांत घरी जातो. या मुलांच्या बाबतीत नेमके उलटे आहे. शाळेच्या फ्रॉकपासून कॉलेजातल्या सलवार-कमीजपर्यंत जे चालले होते, ते त्यांच्या लेखी सोंग होते. शर्ट-पँट घातली तेव्हा प्रयोग संपला.

एका कादंबरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे अशा पाच-सहाजणांशी माझे बोलणे होत आले आहे. त्यांतला एक माझ्या जुन्या सहकाऱ्याचाच मुलगा. कपड्यांविषयी मी इतके बारकाईने कुणाला बोलताना ऐकले नव्हते. नवख्याला वाटते ढगळ शर्ट घातला की सगळे झाकले जाते. प्रत्यक्षात ढगळ शर्टात माणूस थोरल्या भावाचे कपडे पळवून आणल्यासारखा दिसतो आणि लोक हमखास वळून बघतात. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला हवी, कारण पुरुषाचा शर्ट खांद्यावरून सरळ खाली उतरतो आणि बायकांच्या शर्टाला छातीखाली टक्स घातलेले असतात. कापड जरा जाड, अंगाला न चिकटणारे. रंग गडद, किंवा चौकड्या. छातीवर एक खिसा असतोच, दोन असले तर उत्तम. खिशाने छातीची रेष मोडते. आत बनियन, वर शर्ट आणि त्यावर बटणे न लावलेला दुसरा शर्ट हा कॉलेजातल्या मुलांचा आवडता थर. लग्नाकार्यात झब्ब्यावर जाकीट असले की निम्मी चिंता मिटते. पँट सरळ शिवलेली हवी. मांडीशी घट्ट आणि खाली निमुळती पँट घेर लपवण्याऐवजी दाखवते. बुटांची पंचाईत वेगळीच. पुरुषांची मापे बऱ्याच दुकानांत सहा नंबरपासून सुरू होतात. पाय चार नंबरचा असला की लहान मुलांच्या विभागात जावे लागते आणि शाळेचे काळे बूट व चालताना दिवे लागणारे बूट यांतून निवड करावी लागते. हे सांगताना तो स्वतःच हसत होता.

पावसाळ्याचे मात्र हसू येण्यासारखे नाही. भिजलेला शर्ट अंगाला चिकटतो. म्हणून जून ते सप्टेंबर पिशवीत दुसरा शर्ट असतोच, आणि छत्री वाऱ्याने उलटली तर डोक्याआधी छाती झाकली जाते. रंगपंचमीला ही मुले आजारी पडतात.

या सगळ्या कपड्यांच्या आत आणखी एक कपडा असतो, त्याला बाइंडर म्हणतात. छाती सपाट दिसावी म्हणून घालायचे हे लवचिक, पण फार घट्ट असे बनियन. ते मिळाले नाही किंवा परवडले नाही तर मुले औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून गुंडाळतात, कुणी चिकटपट्टीही लावतात, आणि ते धोक्याचे आहे. बँडेज श्वासागणिक आवळत जाते व बरगड्यांवर ताण येतो. अमेरिकेतला जाझ वादक बिली टिप्टन १९८९ साली वारला तेव्हा त्याचे शरीर स्त्रीचे असल्याचे मुलांना प्रथमच कळले. आयुष्यभर तो छातीला पट्टे गुंडाळीत असे आणि जुन्या अपघातात बरगड्या मोडल्याचे घरच्यांना सांगत असे. आताचा बाइंडर त्या पट्ट्यांपेक्षा बरा, पण निर्धोक नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छाती बांधणाऱ्या १,८०० जणांना त्यांचा अनुभव विचारला होता. त्यांतल्या ९७ टक्क्यांनी पाठदुखी, धाप लागणे, त्वचेला खाज अशी निदान एक तरी तक्रार सांगितली. म्हणून जाणकार सांगतात की दिवसात आठ तासांहून अधिक घालू नये, झोपताना तर मुळीच नको, आणि आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस अंगाला सुटी द्यावी. मुंबईच्या मे महिन्यात हे आठ तास कसे जात असतील, याची कल्पना आपण बनियन न घालता पंख्याखाली बसलेल्यांनी करावी.

तयार कपडे नीट बसत नाहीत, म्हणून शेवटी शिंपी गाठावा लागतो. आपल्याकडे शिंपी माप घेताना आकडे मोठ्याने सांगतो आणि पलीकडे बसलेला पोऱ्या वहीत उतरवून घेतो: छाती छत्तीस, कंबर तीस, सीट एकोणचाळीस. दुकानात चार गिऱ्हाइके उभी असतात. पुरुषाच्या मापात कमरेपेक्षा सीट नऊ इंचांनी मोठी निघाली की पोऱ्यासुद्धा मान वर करतो. या मुलाने तीन दुकाने सोडली ती या आकड्यांपायी. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शिंप्याने टेप गळ्यातून काढली, छातीशी नेली, क्षणभर थांबला आणि पोऱ्याला चहा सांगायला पिटाळले. माप त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. ‘सीटला जरा ढिलं ठेवतो, बाजूला प्लेट नको,’ एवढेच बोलला. त्याला काय कळले, किती कळले, कुणी विचारले नाही. पाच वर्षे त्याच दुकानात शिलाई चालू आहे.

कपड्यांनी एवढे साधले तरी मराठी भाषा घात करते. इंग्रजीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ एकच. आपल्याकडे तोंड उघडले की क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगून मोकळे होते. घरी आईसमोर ‘जातो’ म्हणवत नाही आणि ‘जाते’ म्हणायचे नाही, म्हणून हा मुलगा कित्येक वर्षे ‘मी केलं’, ‘मी पाहिलं’, ‘मला निघायचंय’ अशीच वाक्ये बोलत राहिला, ज्यांत बोलणाऱ्याचे लिंग उघडे पडत नाही. व्याकरणाचा एवढा सराव मी पाठ्यपुस्तकांतूनही पाहिला नव्हता. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. ‘काका, मी कोल्हापुरात जन्मायला हवं होतं,’ असे तो एकदा म्हणाला.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा माणसाचा अधिकार मान्य केला. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या अर्जांत स्त्री-पुरुषांखेरीज तिसऱ्या लिंगाचा रकाना ठेवायला सांगितले. मी तेव्हा बँकेत होतो. नवे फॉर्म आले, जुने रद्दीत गेले, आणि आम्ही कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात राहिलो. पण या मुलांना तिसऱ्या रकान्यात खूण करायचीच नसते. त्यांना ‘पुरुष’ या जुन्याच रकान्यात जायचे असते आणि तिथे पोचण्यासाठी कागदांची चळत लागते. तोवर पासबुकावर वेणीतला फोटो आणि काउंटरपुढे मिशीची रेघ फुटलेला शर्टातला तरुण. कारकुनाने काय करावे? नियमाने बघितले तर शंका घेणे त्याचे कामच आहे. शंका हळू आवाजात घेता येते, आत बोलावून घेता येते, हे मात्र कुठल्या परिपत्रकात लिहिलेले नसते. विमानतळावर आणि मॉलमध्ये तपासणीच्या दोन रांगा असतात, बायकांची पडद्याआड. पुरुषांच्या रांगेत शिपायाचा हात बाइंडरवर थांबतो. बायकांच्या रांगेत पडद्यापर्यंत पोचण्याआधीच आरडाओरडा होतो.

तरीही हे सगळे परके लोक. खरा पेच घरात असतो. त्या मुलाच्या भावाचे लग्न ठरले तेव्हा वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, एकच मागणे मागितले: एक दिवस साडी नेस, फोटोपुरती. तो नेसला नाही आणि झब्बा-जाकिटात येऊ देण्याचे धैर्य घरात कुणाला झाले नाही. तो लग्नाला गेला नाही. अल्बम जाडजूड आहे, मी पाहिला. मला त्या माउलीचा राग येत नाही. हॉलमध्ये दोनशे माणसे होती आणि त्यांतल्या निम्म्यांना उत्तरे तिनेच द्यायची होती. पण तिने दोनशे माणसांचा विचार केला आणि एकाचा करायचा राहिला, हेही खरे.

आठ तासांचा तो नियम मला इथे आठवतो. बाइंडर किती तास अंगावर राहणार, हे घालणारा ठरवत नाही, घर ठरवते. मुलगा संध्याकाळी सातला कामावरून येतो. घरात त्याला कुणी टोचून बोलणार नसेल तर तो आत जाऊन बाइंडर काढतो, सैल सदरा घालतो आणि जेवायला बसतो. बोलणार असेल, किंवा दोन खोल्यांच्या घरात मावशी-आत्यांचा राबता असेल, तर दिवे मालवेपर्यंत ते अंगावरच राहते. सकाळी आठ ते रात्री अकरा, पंधरा तास झाले. डॉक्टरला दाखवायचे तर शर्ट काढावा लागतो, म्हणून डॉक्टरही नाही. धुतल्यावर ते गॅलरीतल्या दोरीवर घालता येत नाही. न्हाणीघरातच खिळ्याला अडकवले जाते, नीट वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तसेच दमट अंगात चढते. मग काखेत आणि पाठीवर पुरळ. आईबापांना मुलाचे म्हणणे पटो वा न पटो, त्याच्या बरगड्या आणि कातडी त्यांच्याच हातात असतात.

लग्नाला आता तीन वर्षे झाली. तोंडाने वहिनी अजून त्याला ‘बाळ’ म्हणतात आणि त्यापुढचे क्रियापद गिळतात. पण मध्यंतरी गेलो होतो तेव्हा गॅलरीत, सावलीच्या बाजूला, दोन टॉवेलांच्या मधोमध ते बनियन वाळत होते. शेजारच्या काकूंनी विचारले होते म्हणे. पाठीचा पट्टा आहे, डॉक्टरांनी दिलाय, असे वहिनींनी सांगून टाकले.