पंचवीस किलोमीटरची पळवाट

'लायसन नको, नंबरप्लेट नको, विमा नको, हेल्मेटही नको!' विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या कानी पडणारे हे आश्वासन आता म्हापशापासून मडगावापर्यंत सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पेट्रोलच्या दराने मेटाकुटीस आलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला ते गोड वाटावे, शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हट्टापुढे नमलेल्या पित्याला तो सुटकेचा मार्ग वाटावा, यात नवल नाही. परंतु या आश्वासनात सत्य किती आणि असत्य किती, याची छाननी करण्याच्या फंदात ना गिऱ्हाईक पडते, ना दुकानदार. सरकारी यंत्रणा तर अपघात होऊन पंचनामा करण्याची वेळ येईपर्यंत जागी होत नाही. म्हणूनच या विषयाचा नीट उलगडा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली केंद्र सरकारने १९८९ साली जे नियम केले, त्यांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या नंतर समाविष्ट करण्यात आली. त्या व्याख्येनुसार काही विद्युत दुचाकी 'मोटार वाहन' या संज्ञेतूनच वगळल्या आहेत. मात्र ही सूट सरसकट नाही. मोटरची सलग अर्धा तास देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी वगळता वाहनाचे वजन ६० किलोंपेक्षा अधिक नसावे. योग्य ब्रेक हवेत, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक हवा. शिवाय त्या बनावटीच्या वाहनाला पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन'सारख्या अधिकृत संस्थेने तपासून मान्यता दिलेली हवी. या अटींपैकी एखादी पाळून सूट मिळत नाही, सर्वच पाळाव्या लागतात. एक जरी अट मोडली, तरी ती दुचाकी कायद्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही स्कूटरसारखी मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, हिरवी नंबरप्लेट, चालकाचा परवाना, त्रयस्थाचा विमा आणि शिरस्त्राण ही सारी बंधने तिला लागू होतात.

म्हणजे 'विजेवर चालते म्हणून परवाना नको' हा समज साफ चुकीचा आहे. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुसंख्य नामांकित विद्युत स्कूटरी ताशी पन्नास किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाने धावतात. १९७२ साली आलेली पेट्रोलची लूना ज्यांना आठवते, त्यांना तिच्यासाठीही परवाना लागत असे हेही आठवेल. तीच लूना २०२४ साली विजेची होऊन परतली, तरी तिची परवान्यातून सुटका झालेली नाही. प्रश्न इंधन कोणते हा नसून शक्ती आणि वेग किती, हा आहे.

खरी मेख येथेच आहे. मंदगती म्हणून विकल्या जाणाऱ्या दुचाकीचा वेग पुष्कळदा यंत्राच्या अंगभूत दुर्बलतेमुळे नव्हे, तर कंट्रोलर नावाच्या एका डबीने त्याला वेसण घातल्यामुळे मर्यादित राहिलेला असतो. ही वेसण सोडविणे कुशल मेकॅनिकला काही मिनिटांचे काम. कागदावर पंचवीस आणि रस्त्यावर पंचेचाळीस, असा हा दुहेरी व्यवहार आहे. २०२२ च्या मे महिन्यात शेजारच्या महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांना अशा बेकायदा फेरफारांविरुद्ध मोहीम उघडावी लागली, ती उगाच नव्हे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेत शिकलेले विज्ञान आहे. पंचवीसच्या वेगासाठी बेतलेले ब्रेक, टायर आणि सांगाडा पन्नासच्या वेगाला कसे पुरे पडणार?

यात अधिक गंभीर बाजू आहे ती नुकसानभरपाईची. समजा, वेसण सोडविलेल्या अशा दुचाकीने फोंड्याच्या बाजारात एखाद्या वृद्धेला उडविले. कायद्याने ती मोटार वाहन ठरणार, पण नोंदणी नाही आणि विमाही नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, तर ती सारी रक्कम मालकाच्या खिशातून, प्रसंगी घरादारावर बोजा चढवून वसूल व्हावयाची. उलट दुचाकी खरोखरीच मंदगती व नियमांत बसणारी असेल, तर ती मोटार वाहनच नसल्यामुळे न्यायाधिकरणाचे दार जखमी वृद्धेला बंद. तिने दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात! दोन्ही प्रकारांत मरण पादचाऱ्याचे. 'विमा नको' या दोन-दोन अक्षरी गोड शब्दांची किंमत शेवटी कोण मोजतो, हे गिऱ्हाइकाने खरेदीपूर्वीच ध्यानी घ्यावे.

पालकांनीही सावध व्हावे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास मोटार सायकलीचा परवाना मिळतो तो केवळ ५० सी.सी.पर्यंतच्या इंजिनासाठी, त्याहून मोठ्या वाहनासाठी वयाची अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९९-अ या कलमानुसार अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळणार नाही. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबून मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पित्याचे 'मला ठाऊक नव्हते' हे म्हणणे न्यायालय ऐकणार नाही. आणि सूट मिळालेली दुचाकी म्हणजे सर्व कायद्यांतून मोकळीक, असेही कोणी समजू नये. बेदरकारपणे वाहन हाकणे वा निष्काळजीपणाने कोणाच्या मृत्यूस कारण होणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, मग वाहन सायकल का असेना.

तथापि, या वाहनांना सरसकट झोडपून काढावे असा आमचा आशय मुळीच नाही. भल्या पहाटे भोंगा वाजवीत गावोगाव पाव पोहोचविणाऱ्या पोदेराला आमच्या डोंगराळ वाटांवरची चढण चढताना पेडलला मोटरची जोड मिळाली, तर त्याचे कष्ट हलके होतील. आल्तिनच्या चढावर धापा टाकणाऱ्या प्रौढ नोकरदाराला, नदीपलीकडच्या शाळेत शिकविणाऱ्या शिक्षिकेला अशी सायकल वरदान ठरेल. धूर नाही, आवाज नाही, खर्च अल्प. हे वाहन गोव्याच्या अरुंद रस्त्यांना शोभणारेच आहे.

म्हणूनच आमचा आक्षेप आहे तो नियमातील सरमिसळीवर. पाय थांबले की जिची मोटर थांबते ती सायकल आणि नुसती मूठ पिळली की धावणारी स्कूटर, या दोघींना आपल्या नियमाने एकाच पंक्तीला बसविले आहे. युरोपात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर याच मर्यादा आहेत. पण सायकलीचा दर्जा मिळतो तो पेडलच्या साहाय्याने चालणाऱ्या वाहनाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१५ साली कायदा करून तीन वर्ग पाडले. पहिल्यात पेडल मारले तरच ताशी सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत मोटरची साथ. दुसऱ्यात त्याच वेगापर्यंत केवळ मोटरवरही चालण्याची मुभा. तिसऱ्यात पेडलच्या साथीने ताशी सुमारे ४५ किलोमीटर, पण त्यासाठी सोळा वर्षांचे वय आणि हेल्मेट सक्तीचे. कोणता वर्ग ते वाहनावरच लिहिलेले असावे लागते. परक्यांचे अंधानुकरण करा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाहताक्षणी पोलिसाला आणि गिऱ्हाइकाला वाहनाचा वर्ग कळावा, हा विचार घेण्याजोगा खास आहे.

नियम बदलणे दिल्लीच्या हाती असले, तरी पणजीच्या हातीही पुष्कळ आहे. वाहतूक खात्याने मान्यताप्राप्त मंदगती वाहनांची यादी मराठी व कोंकणीत छापून प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात आणि पंचायतीत लावावी. वाहनाच्या मान्यतेची प्रत दुकानात दर्शनी ठेवण्याची व पावतीवर मोटरची शक्ती आणि कमाल वेग लिहून देण्याची सक्ती करावी. कारवाईची सुरुवात चौकात एखाद्या पोराला अडवून होऊ नये, ती दुकानापासून व्हावी. नियम डावलून मोटार वाहन विकणाऱ्या विक्रेत्यास दर वाहनामागे एक लाख रुपये दंड आणि एक वर्षापर्यंत कारावास करण्याचा अधिकार १८२-अ या कलमाने दिलेलाच आहे. तो कागदावर गंजत पडण्यासाठी दिलेला नाही. किनारपट्टीत नोंदणी नसलेल्या दुचाकी पर्यटकांच्या हाती भाड्याने पडणार नाहीत, याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. परमुलखातील पाहुणा अपघात करून विमानाने निघून गेल्यावर गावकऱ्याने दाद मागावी कोणाकडे? आणि केंद्राकडे राज्याने आग्रह धरावा तो एवढाच, की मूठ पिळून चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला, मग ते कितीही मंद असो, अल्प शुल्कात नोंदणी आणि स्वस्त विमा असावा. पेडलच्या सायकलीला मात्र पूर्ण मोकळीक राहावी.

एके काळी नगरपालिका साध्या सायकलीलाही बिल्ला देत आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातील हवा सोडीत. त्या शिस्तीची आज थट्टा होते. पण रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावर येणाऱ्याने काही जबाबदारी पत्करली पाहिजे, ही जाणीव त्या बिल्ल्यामागे होती. पंचवीस किलोमीटरची मर्यादा कायद्याने घातली ती गरिबाला सोय म्हणून. तिची पळवाट करून आपल्याच मुलांचे आणि शेजाऱ्यांचे जीव आपण पणाला लावणार असू, तर दोष एकट्या सरकारच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही.