आपला म्हातारा साहेब कुठं गेला?



२०२५ च्या उन्हाळ्यात मोखाड्याकडे बोहाडा पाहायला गेलो होतो. दोन दिवस आधीच पोहोचलो आणि ओळखीच्या एका घरी मुक्काम पडला. नागलीची भाकर खाऊन झाली, भांडी आवरली आणि टीव्ही लागला. शनिवारची रात्र, तेव्हा सीआयडी. आजा कुडाला टेकून बसला होता. पडद्यावर एक तरुण साहेब हुकूम सोडत होता. आज्याने थोडा वेळ पाहिले आणि नातवाला विचारले, "आपला म्हातारा साहेब कुठं गेला रे?"

"त्याला बाँबनं उडवला, आजा."

"मंग आता बघायचं कुणाला?" असे म्हणून आजा कूस बदलून झोपला.

तुम्ही म्हणाल, टीव्हीतल्या माणसाचे एवढे काय मनावर घ्यायचे? पण या आज्याचे म्हणणे मला खोटे वाटेना. सीआयडी सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये. तेव्हा जन्मलेल्या पोरांची आता लग्ने झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद पडली, तोवर पंधराशेच्या वर भाग झाले होते. इतकी वर्षे एसीपी प्रद्युमन म्हणजे शिवाजी साटम. बँकेतली नोकरी सांभाळून नाटकात आलेला हा आपला मराठी माणूस. बोटे फिरवत तो विचारात पडला की घरातले लहान पोरही गप्प व्हायचे. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत आली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच साहेबाला गोष्टीत मारून टाकले. जागेवर पार्थ समथान हा नवा नट एसीपी आयुष्मान म्हणून आणला. प्रेक्षक रागावले. थोड्याच दिवसांत साटमांना परत आणावे लागले.

त्या नव्या नटाला मी दोष देत नाही. भरल्या संसारात आलेल्या नव्या माणसाला रुळायला वेळ लागतोच. पण मारामारीच्या, धरपकडीच्या मालिकेत हा वेळच मिळत नाही. घरगुती मालिकेत सून बदलली तर चार दिवस कुरकुर होते, मग बोलण्या-रडण्यात ती खपून जाते. इथे नटाचे अंगच बोलत असते. दयाने दाराला धडक दिली की दार पडणार, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. अभिजीतने मान वळवली की त्याला संशय आला, हेही कळते. कोण कुणाच्या पाठीशी उभा राहील, हे ठाऊक असल्यावरच गोळी सुटताना पोटात गोळा येतो. अनोळखी माणसावर बंदूक रोखली तर आपण चहाचा घोट घेत बघतो.

याच मंडळींनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा मध्ये कुठेही न थांबवता चित्रित केला होता. गिनीजच्या बुकात त्याची नोंद झाली. एक जण चुकला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून! एकमेकांची पावले वर्षानुवर्षे ओळखणाऱ्यांनाच असले धाडस जमते. नांगराला जुंपलेल्या बैलजोडीतला एक बैल बदलला की तास कसा वाकडा जातो, ते तुम्हाला मी काय सांगावे?

बदल मुळीच चालत नाही असेही नाही. दूरदर्शनवर १९९७ मध्ये 'शक्तिमान' आली, तेव्हा गीता विश्वासचे काम आधी किटू गिडवानी करत होत्या, मग वैष्णवी आल्या. पोरांनी त्यांना आपले म्हटले. पण शक्तिमान होता मुकेश खन्नाच. घराची आढी बदलली नव्हती, वासा बदलला होता. आणि काही जागा माणूस गेल्याने रिकाम्या होतात, तिथे कुणाचा इलाज नाही. फ्रेड्रिक्सचे काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये वारले. मालिका परत आली, पण मध्येच हसवणारे ते माणूस नव्हते, आणि ते नसणे दर भागात जाणवायचे.

दोन दिवसांनी बोहाडा पाहिला. संबळ आणि सनई वाजू लागली, टेंभे पेटले आणि एकामागून एक सोंगे येऊ लागली. देव आले, राक्षस आले, पहाटे जगदंबा आणि महिषासुराची लढाई झाली. मला वाटले, या लोकांनी बरी युक्ती काढली आहे! इथे तोंडावर जव्हारकडच्या रामखिंडीत घडवतात तसला मुखवटा. आतला माणूस बदलला तरी देव तोच. नट बदलल्याची तक्रारच नको.

सकाळी आज्याला हे बोललो, तर तो हसला. म्हणाला, "मुखवटा तोंड झाकतो, पाय कुठं झाकतो?" कुठले सोंग कुणी नाचवायचे, याचा मान घराण्याचा. बाप नाचतो तेव्हा पोरगा बाजूला उभा राहून पाहतो. मुखवट्याच्या फटीतून धड दिसत नाही, म्हणून पावले संबळाच्या ठेक्यावर टाकायची. नवशिका आत असला की संबळवाल्याला ते दोन पावलांत कळते. तो हात सावकाश करतो, आणि लढाई ढिली पडते.

आज्याच्या घरचे सोंग त्या वर्षी चुलत्याने नाचवले होते. थोरला मुलगा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, तो होळीला आला आणि उचल फेडायची म्हणून परत गेला. "पुढल्या साली येतो म्हणालाय," आजा म्हणाला.

अंगणात नातू कपाळाला टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून पावले टाकत होता. तिसऱ्या पावलाला अडखळला. आज्याने बसल्या जागेवरून काठीने जमिनीवर ठेका धरला आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावले.