कोयत्याचा हंगाम आणि मुलांची मने

दसरा उलटला, की आष्टी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बालाघाटच्या या कोरड्या पट्ट्यातील कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरतात. नगर–आष्टी आगगाडी २०२२ च्या सप्टेंबरात धावू लागली, तिचे कौतुकही झाले. परंतु भांडी, सरपण आणि पोरेबाळे घेऊन निघालेल्या या माणसांचे वाहन काही बदललेले नाही. त्या गाडीत चढलेली नऊ ते बारा वर्षांची मुले आणि खाली आजीजवळ उभी राहून मागे उरलेली त्यांची भावंडे, या दोघांच्याही मनाचे काय होते, हा प्रश्न अद्याप राजकारणाचा विषय झालेला नाही.

शहरांत मात्र मुलांच्या मनोबलाची चर्चा जोरात आहे. त्यासाठी शिबिरे भरतात, वर्ग चालतात, पुस्तके खपतात. चर्चा अनाठायी आहे असे नव्हे. मानसिक विकारांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होतो, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. म्हणजे पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावरील ही दोनतीन वर्षे निर्णायक होत. पण या चर्चेचे गृहीतकृत्य असे, की मुलाने अडचण पाहिलेलीच नाही. म्हणून ती थोडीथोडी दाखवून त्याला कणखर करावे. आष्टीच्या मुलाला अडचण दाखवावी लागत नाही.

जे मूल सोबत जाते, ते फडाजवळच्या कोपीत राहते. ऊसतोडीची मजुरी टनावर ठरते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. अशा हिशेबात प्रत्येक लहान हात मोलाचा ठरतो. मुलगा वाढे गोळा करतो, मोळी बांधायला हात लावतो; मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन पाणी आणते आणि चूल पेटवते. जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ मिळाली. हा संघटित लढ्याचा विजय होता. परंतु टनाचा हिशेब राहिला, तोवर त्या हिशेबात मूलही राहणार.

जे मागे राहते, त्याचे हाल निराळे. ते उपाशी असेलच असे नाही. पण ऐन परीक्षेच्या वेळी ताप आला, वर्गात कोणी चिडवले, मुलीला प्रथमच न्हाण आले, तर सांगायचे कोणाला? आई सहा महिने फोनच्या पलीकडे असते. पहाटे फडात गेलेली आणि रात्री थकून झोपलेली.

गावातील जाणती माणसे यावर म्हणतात, ‘आम्हीही असेच वाढलो, म्हणूनच टणक झालो.’ हे बोलणे अप्रामाणिक नाही, पण त्यातील हिशेब अपुरा आहे. जे टिकले तेच हे वाक्य उच्चारण्यासाठी पारावर बसलेले असतात. जे सातवीला शाळेतून गळाले, जिचे बालवयातच लग्न उरकले, त्यांची साक्ष कोणी काढत नाही. हवाई बेटांतील कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांत दारिद्र्य, घरातील कलह अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुले पुढे अडचणीत आली. एकतृतीयांश मात्र सावरली, समर्थ झाली. सावरलेल्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे प्रौढ माणूस होते. ते आईबापच असेल असे नव्हे. आजी होती, शेजारीण होती, शिक्षक होता. संकटाने त्यांना घडविले नव्हते. संकटात सुटला नाही अशा हाताने घडविले होते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. घरातील झेपेल अशी जबाबदारी अंगावर असणेही या मुलांना बळ देणारे ठरले. तेव्हा कष्टकऱ्यांच्या मुलांकडे केवळ दयेने पाहणाऱ्यांनी जरा थांबावे. धाकट्याला सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी कर्तबगार असतेच. ती कर्तबगारी तिच्या शाळेच्या मोबदल्यात विकत घेतली जाते, आक्षेप याला आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. पण ती बहुतेकदा जेवणाच्या ताटांच्या हिशेबापुरती उरते. पट फुगविल्याच्या तक्रारी होतात, चौकशा होतात, आणि संध्याकाळी सात वाजता त्या मुलांशी बोलणारे कोण आहे हे कोणीच विचारीत नाही. त्यातच २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळांत विलीन करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. ज्या वस्तीवर मागे राहिलेल्या मुलांना ओळखणारा एकच शिक्षक असतो, तेथून तोही उचलायचा, यापेक्षा मनोबलाच्या विरुद्ध धोरण शोधून सापडणार नाही.

वसतिगृह कसे असावे याचे उदाहरण परदेशातून आणण्याची गरज नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकवीत असताना साने गुरुजींनी तेथील छात्रालय सांभाळले. मुलांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणे आवरली आणि त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले दैनिक चालविले. मुलांना रोज सकाळी वाचायला मिळे, की कोणाला तरी आपली काळजी आहे. गुरुजी हळवे होते, असे म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. त्या हळवेपणाखाली वाढलेल्या मुलांनी पुढे स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला, हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा न्यावा, तो न्यावाच. प्रत्येक हंगामी वसतिगृहाला पूर्णवेळ गृहपाल हवा, मुलींसाठी स्त्री-कर्मचारी हवी, आठवड्यातून ठरलेल्या वेळी आईबापांशी बोलण्याची सोय हवी आणि कारखान्याच्या गाळप-परिसरात मुलांच्या शाळेची जबाबदारी कारखान्यावर हवी. पण निवेदन देऊन परतताना प्रत्येक शाखेने आपल्या जवळच्या एका गावाची यादीही करावी: कोण गेले, कोण मागे राहिले, कोणत्या आजीला दिसत नाही. मग दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आठवड्यातील दोन संध्याकाळी, त्याच वारी, त्याच माणसाने तेथे जाऊन बसावे. गोष्ट सांगावी, खेळ घ्यावा, गणित अडले तर सोडवावे. दर वेळी नवा पाहुणा गेला तर त्याचा उपयोग नाही. मुलांना नवे पाहुणे पुष्कळ दिसतात, निवडणुकीच्या वर्षी तर फारच.